फाटक बंद असताना

(तरुण संघ व प्रौढ वर्गासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतु : धन्याने कामाचे फाटक बंद केले तर काम करणाराच्या हाती काय उरते, आणि जे उरते ते त्याने कसे सांभाळावे, ह्याचा विचार करणे.

'टाळेबंदी' हा शब्द २०२० सालापासून साथीच्या आठवणीने आपल्या तोंडी बसला आहे. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे तो कामगारांच्या बोलण्यात होता. कामगार आपण होऊन काम थांबवितात, तो संप. मालक कामाचे ठिकाण बंद करतो व कामगारांस आत येऊ देत नाही, ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ह्या दोन गोष्टींची वेगवेगळी व्याख्या केली होती. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हा फरक राखलेला आहे.

फाटक बंद होणे म्हणजे काय, हे बेज्जूरच्या लोकांस फोड करून सांगावे लागत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हा आपला भाग २०१६ साली आसिफाबाद जिल्ह्यात गेला, पण कामधंद्याची वाट पूर्वीसारखीच कागजनगरकडे जाते. तेथील सिरपूर पेपर मिल २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली. मिल पैशाच्या अडचणीत सापडून बंद पडली होती, म्हणून काटेकोर अर्थाने तिला टाळेबंदी म्हणता येणार नाही. तथापि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कायद्यातला हा फरक फारसा जाणवत नाही. उद्या सकाळी उठून काय करावयाचे, हा प्रश्न त्याला दोन्हीकडे सारखाच पडतो.

ह्या प्रश्नाला एक निराळे उत्तर काही खेळाडूंनी दिले. ते दूरच्या देशातले व पैसेवाले आहेत, तरी त्यांचे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. म्हणून ह्या पाठासाठी आम्ही ते निवडले आहे.

१. काय घडले?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू लांबट असतो. खेळाडू तो हाताने फेकतात, झेलतात, छातीशी धरून पळतात, आणि समोरचे त्यांना धडक देऊन पाडतात. तेथील व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ असून त्या वेळी सुमारे १,९०० खेळाडू होते. लीगची वर्षाची मिळकत त्या वेळी सुमारे ९ अब्ज डॉलर होती. तिची वाटणी कशी व्हावी ह्यावरून संघमालक व खेळाडूंची संघटना ह्यांच्यात तंटा झाला. वाटणीपूर्वीच मालक सुमारे १ अब्ज डॉलर खर्चापोटी बाजूला काढीत असत. आता त्यांना आणखी तितकेच हवे होते. शिवाय मोसमातील सामने १६ वरून १८ करावयाचे होते. बोलणी फिसकटली आणि १२ मार्च २०११ रोजी मालकांनी टाळेबंदी केली.

त्याच सुमारास टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीस इत्यादी दहा खेळाडूंच्या नावाने मालकांविरुद्ध दावा दाखल झाला. २५ एप्रिलला न्यायाधीशांनी टाळेबंदी उठविण्याचा हुकूम दिला. चारच दिवसांत वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. फाटक क्षणभर किलकिले झाले व पुन्हा बंद झाले. शेवटी २५ जुलै २०११ रोजी दहा वर्षांचा करार झाला आणि टाळे निघाले. मोसमाच्या आरंभीचा सरावाचा एक सामना तेवढा बुडाला.

म्हणजे टाळेबंदी साडेचार महिने चालली. एरवी ह्याच महिन्यांत संघ शरीर कमावतात, नव्या चाली शिकतात, नवख्यांस तयार करतात. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने ह्या खेळातील सरासरी कारकीर्द चार वर्षेही भरत नाही. एवढ्या आखूड कारकिर्दीतून साडेचार महिने जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

२. कुलपाच्या आत काय, बाहेर काय?

आता वर्गाने एक यादी करावी. टाळे लागले तेव्हा आत काय राहिले? मैदान, व्यायामशाळा, संघाचा डॉक्टर, दुखापतीवर उपचार करणारी माणसे. प्रशिक्षकही आतच राहिला, कारण टाळेबंदीच्या काळात संघाच्या नोकरांनी खेळाडूंशी कामाचे बोलणे करावयाचे नाही असा नियम होता. संघाकडून मिळणारा आरोग्यविमा बंद झाला. तो हवा असेल तर खेळाडूने पदरच्या पैशाने चालू ठेवावयाचा होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, फाटकाबाहेर सराव करताना कोणी जायबंदी झाला तर ती दुखापत संघाच्या कामावर झालेली नाही असे म्हणून मालकाला त्याचे पैसे नाकारता येत होते.

बाहेर काय राहिले? खेळाडूचे शरीर. गेल्या वर्षी शिकलेल्या चालींची आठवण. आणि सोबती.

ही यादी लहान दिसते, परंतु खेळाडूच्या कामाचा गाभा तिच्यात आलेला आहे. मालकाच्या हाती कुलूप होते, पण त्या कुलपात पाय अडकले नव्हते की डोके अडकले नव्हते. मात्र शरीर, आठवण व सोबती ह्या तिन्ही गोष्टी वापरल्या नाहीत तर गंजतात, आणि त्यांचा गंज दुरून दिसत नाही. म्हणूनच काही खेळाडूंनी ठरविले की वाट पाहत बसावयाचे नाही.

३. सराव कोणी चालविला?

न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा ड्रू ब्रीस हा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीचा आरंभ करून चेंडू कोणाकडे जावा हे ठरविणारा खेळाडू. त्याच शहरातील तुलेन विद्यापीठाच्या मैदानावर मे महिन्यापासून त्याने सोबत्यांस जमविले. पस्तीस-चाळीस खेळाडू येऊ लागले. धडक देण्याचा भाग वगळून धावणे, चाली पाठ करणे, फेकणे व झेलणे असा सराव चालला. न्यूयॉर्कच्या जेट्स संघाचा मार्क सँचेझ ह्याने कॅलिफोर्नियात, ज्या शाळेतून तो खेळावयास शिकला तिच्याच मैदानावर, आपल्या झेलकऱ्यांस बोलाविले. क्लीव्हलँडच्या कोल्ट मॅकॉयने टेक्सासातील ऑस्टिन येथे तसेच केले. इतर अनेक संघांतही अशी शिबिरे झाली. कोठे ती नेमाने चालली, कोठे दोन-तीन दिवसांत आटोपली.

ह्यात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, कोणी तरी बोलवावे लागते. सराव करावा असे पुष्कळांना वाटते. पण दिवस, वेळ व जागा ठरवून एकेकाला निरोप धाडण्याचे काम एकाने अंगावर घेतल्याशिवाय चार माणसे एकत्र येत नाहीत. हे काम बिनपगारी असते आणि त्यात नकार ऐकावे लागतात.

दुसरी, ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने अधिक भार उचलावा लागतो. नावाजलेल्या क्वार्टरबॅकच्या बँकेत पैसा होता. त्याच संघातील नवख्याला मात्र गावाहून येणे, खोली घेणे, जेवणे हे सारे पदरमोड करून करावयाचे होते. एप्रिलच्या निवडीत ज्यांचे नाव आले नव्हते अशा होतकरू मुलांची गोष्ट तर ह्याहून बिकट. टाळे निघेपर्यंत त्यांना कोणत्याही संघाशी करार करता येत नव्हता, म्हणून कोणाच्या सरावाला जावे हेच त्यांना ठाऊक नव्हते. संघांच्या कचेऱ्यांतील साध्या नोकरांचेही कोठे कोठे पगार कापले गेले, आणि त्यांच्यासाठी कोणी शिबिर भरविले नाही. तंटा मोठ्यांचा असला तरी त्याची झळ धाकट्यांना आधी लागते, हे ह्या उदाहरणातही दिसते.

तिसरी, वरचा कोणी पाहत नसताना केलेल्या कामाला वेगळे वजन असते. उशिरा आल्यास दंड नव्हता, न आल्यास विचारणारा नव्हता. अशा वेळी जो पहाटे मैदानावर येतो, तो काम धन्याच्या भीतीने करीत नाही, ते आपल्या हाती सोपविलेले आहे म्हणून करतो. एरवी हजेरीपटामुळे हा फरक झाकलेला असतो.

एकत्र राहण्याचे मोल ह्या खेळाडूंस आधीच्या एका तंट्यातून कळले होते. १९८७ साली खेळाडूंनी संप केला तेव्हा मालकांनी तीन आठवडे बदली माणसे खेळवून सामने चालू ठेवले. पुष्कळ संघांतील काही खेळाडू हळूहळू आत परतले आणि संप मोडला. वॉशिंग्टनच्या संघातील मात्र एकही खेळाडू संप सोडून आत गेला नाही. त्या मोसमाचे विजेतेपद त्याच संघाला मिळाले.

४. फळ काय मिळाले?

येथे उपदेशकाला मोह होतो की, ज्यांनी सराव केला ते जिंकले व ज्यांनी केला नाही ते हरले असे सांगून पाठ संपवावा. परंतु घडले ते तसे नाही, आणि खरे तेच सांगितले पाहिजे.

ब्रीसच्या संघाने त्या मोसमात १६ पैकी १३ सामने जिंकले, आणि एका मोसमात सर्वाधिक यार्ड चेंडू फेकण्याचा १९८४ पासूनचा विक्रम ब्रीसने ५,४७६ यार्डांसह मोडला. इतके ऐकून आपण टाळ्या वाजवू. पण सँचेझचा संघ ८ जिंकला व ८ हरला. मॅकॉयच्या संघाने अवघे ४ जिंकले. उलट, आरन रॉजर्सच्या ग्रीन बे संघाने अशी शिबिरे जवळजवळ भरविलीच नाहीत, आणि त्याने १६ पैकी १५ सामने जिंकले! शेवटी विजेतेपद मिळाले ते न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाला, ज्याचे मोसमातील विजय केवळ ९ होते.

आणखी एक गोष्ट. टाळे निघाल्यावर संघांची शिबिरे घाईने सुरू झाली. पहिल्या १२ दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेवरची मोठी शीर तुटली, आणि पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांची. एरवीच्या मानाने हा आकडा फार मोठा होता. वैद्यकीय अभ्यासकांनी त्याचा संबंध ह्याच्याशी जोडला की, जाणकाराच्या नजरेखाली शरीर पायरीपायरीने तयार करण्याचा काळ त्या वर्षी हुकला होता. आपला आपण केलेला सराव चांगला खरा, पण प्रशिक्षकाची व वैद्याची जागा तो पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

मग सराव व्यर्थ गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. मात्र त्याचे फळ गुणफलकावर शोधू नये. ज्या नवख्याला कोणी ओळखत नव्हते त्याला वडीलधाऱ्या खेळाडूने जवळ बसवून चाल समजावून सांगितली. विस्कटू शकला असता असा संघ एकत्र राहिला. आणि टाळे निघाले त्या दिवशी ते मैदानावर परत आले ते अनोळखी म्हणून आले नाहीत. इतके फळ पुरेसे आहे.

तसेच हेही विसरू नये की टाळे सरावाने उघडले नाही. ते उघडले बोलण्यांनी, न्यायालयातील दाव्याने व करारावरील सह्यांनी. संघटनेने खेळाडूंस आधीच बचत करून ठेवण्यास सांगितले होते. त्या बचतीमुळे त्यांना धीर धरता आला. ब्रीसचे नाव दाव्यातही होते व मैदानावरही. हक्कासाठी झगडणे आणि हात चालता ठेवणे ही दोन कामे एकाच माणसाला करता येतात. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही.

५. आपल्या देशातील जवळचे उदाहरण

आपल्या देशात व्यावसायिक फुटबॉलपटूंना मालकांनी तंट्यावरून असे बाहेर ठेवल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. परंतु २०२५ साली निराळ्या कारणाने फाटक बंद झाले. देशाच्या फुटबॉल महासंघाने २०१० साली एका कंपनीशी १५ वर्षांचा करार केला होता, आणि इंडियन सुपर लीग ही मोठी स्पर्धा त्या करारावर चालत होती. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होती व पुढचा करार झालेला नव्हता. म्हणून ११ जुलै २०२५ रोजी कंपनीने कळविले की येता मोसम स्थगित ठेवीत आहोत. ऑगस्टमध्ये बंगळुरू संघाने आपल्या मुख्य संघातील खेळाडू व कर्मचारी ह्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. महासंघाने नव्या करारासाठी बोली मागविल्या, तर नोव्हेंबरातील मुदतीत एकही बोली आली नाही.

गोव्याचे चित्र थोडे वेगळे होते. एफ. सी. गोवा संघाला आशियाई स्पर्धेत खेळावयाचे होते, म्हणून त्याचा सराव संघानेच चालू ठेवला. १३ ऑगस्टला मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्याने ओमानच्या अल सीब संघाला हरविले, आणि ७ डिसेंबरला तेथेच सुपर कप जिंकला. ज्यांच्या पुढे सामना होता त्यांना सरावाला दिवस मिळाला. ज्यांच्या पुढे तारीखच नव्हती त्यांना सराव कशासाठी, हा प्रश्न रोज सकाळी पडत होता. नोव्हेंबरात खेळाडूंनी मिळून निवेदन काढले की आम्हांला खेळावयाचे आहे. २ जानेवारी २०२६ रोजी सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन आदींनी जागतिक फुटबॉल संस्थेला जाहीर साकडे घातले. त्यानंतर चार दिवसांनी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा सुरू होईल असे जाहीर केले.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट दिसते. अमेरिकेत खेळाडूंची मजबूत संघटना होती, बचत होती, आणि तंटा कोणाशी आहे हे ठाऊक होते. येथे खेळाडूंना कोणाच्या दारी जावे हेच बरेच महिने कळत नव्हते. म्हणून संघटन फाटक बंद होण्यापूर्वी उभारावे लागते. मागाहून ते घाईने उभारता येत नाही.

६. आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल, खेळाडूचे हत्यार त्याचे शरीर, ते घेऊन तो कोठेही जाईल. मिलमधल्या कामगाराने काय कागदाचे यंत्र घरी आणावयाचे? हा आक्षेप बरोबर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कामगाराचे यंत्र आत अडकते, आणि त्याच्या घरी चार दिवसांचे धान्यही असेल-नसेल. तेव्हा खेळाडूंची नक्कल करून भागणार नाही. पण त्यांच्यासारखी यादी आपणही करू शकतो : माझ्या कामातले काय आत राहील, आणि काय बाहेर?

बाहेर राहणाऱ्या गोष्टी ह्या : हाताची कसब. फिटर, वायरमन, गवंडी, सुतार, शिंपी ह्यांची विद्या फाटकात राहत नाही. काम बंद असता जो आपली विद्या गावातील दोन मुलांस शिकवितो, त्याची स्वतःचीही विद्या ताजी राहते. मात्र जोखमीची कामे साधनांशिवाय करू नयेत; फाटकाबाहेरच्या दुखापतीचा खर्च कोणी देत नाही, हे आपण वर पाहिले.

दुसरे, कागदपत्रे. पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक ह्यांच्या नकला घरी असाव्यात. कारखाना बंद पडल्यावर थकबाकी मागावयास ह्यांचाच आधार असतो, आणि ते त्या वेळी शोधू लागले तर सापडत नाहीत.

तिसरे, ठरलेल्या दिवशी एकत्र येणे. बेकारी माणसाला प्रथम एकटे पाडते. तो चौकात जाण्याचे टाळतो, मग घराबाहेर पडण्याचे टाळतो. आठवड्यातून एकदा, एका जागी, एका वेळी दहा माणसे भेटत असतील, तर कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे दहा जणांस कळते. आणि ह्या भेटीला कंत्राटी कामगारालाही बोलवावे, कारण त्याचे नाव पटावर नसते आणि तडजोडीत त्याची आठवण शेवटी होते.

चौथे, सुगीतली बचत. ती थोडी असली तरी चालेल. बोलणी करणाऱ्याला उद्याच सही करावी लागू नये, इतकी असली तरी पुष्कळ आहे.

ह्यांपैकी एकाही गोष्टीने बंद मिल चालू होत नाही. पण मिल चालू होते त्या दिवशी फाटकाशी कोण उभा असतो, कामाला तयार असलेला की खचलेला, हे पुष्कळ अंशी ह्या गोष्टींवर ठरते.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या कामातील कोणत्या गोष्टी कुलपाच्या आत राहतील व कोणत्या बाहेर? प्रत्येकाने आपली यादी लिहून आणावी.

२. आपल्या तरुण संघात 'बोलावणारा' कोण आहे? तो थकला तर हे काम कोण उचलील?

३. सराव न करणारा संघही पुष्कळ सामने जिंकला, हे समजल्यावर सराव करण्याचे कारण काय उरते?

४. आपल्या गावात काम बंद पडले तर झळ प्रथम कोणास लागेल? त्यांची नावे आज आपल्या ध्यानात आहेत काय?

५. हक्कासाठी झगडणे व हात चालता ठेवणे ह्यांत एखादे काम आपण दुसऱ्याच्या निमित्ताने टाळतो काय?

ह्या आठवड्यात करावयाचे : आपल्या ओळखीत ज्याचे काम सुटले आहे अशा एका माणसास भेटावे. त्याला उपदेश करू नये. त्याला काय येते ते विचारावे, आणि ते आपणास शिकविण्याची विनंती करावी.